फळ्यावर लिहिलेलं ‘अवश्य वाचावं’

या अंकाच्या संपादकांचा जळगावहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ते म्हणाले, “ताई, तुम्ही इतकी वर्षं वाचनालयात काढलीत. यंदा आलेल्या नव्या पुस्तकांतली वाचावी अशी दहा पुस्तकं सांगा. कादंबरी, चरित्र, विज्ञान, आरोग्य, मुलांचं, सगळं येऊ द्या. प्रत्येकावर दोन-दोन ओळी.”

मी “बघते” म्हणून फोन ठेवला आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. दोन ओळींना इतकं काय घाबरायचं, असं कुणालाही वाटेल. माझ्या मुलीलाही तसंच वाटलं. पण अशाच एका दोन ओळींच्या शिफारशीपायी मी एका माणसाच्या खाटेशी उभी राहिलेली आहे. म्हणून दहा पुस्तकांची यादी न देता मी संपादकांना हे लिहून देते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

धुळ्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी देवघेव विभागात होते. देवघेव म्हणजे दारातून आत आल्यावर समोर दिसतं ते लांब टेबल. वाचक तिथे जुनं पुस्तक परत करतो आणि नवं घेऊन जातो. वाचनालयात काम करणाऱ्याला बसल्या बसल्या भरपूर वाचायला मिळतं, हा लोकांचा फार जुना गैरसमज आहे. नवी पुस्तकं आली की आधी ती दाखल नोंदवहीत चढवायची, ठरलेल्या पानांवर शिक्के मारायचे, पाठीवर क्रमांकाची पट्टी लावायची, खाकी कव्हर घालायचं, शेवटच्या पानावर परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवायची. एवढं होईपर्यंत पुस्तकाच्या अंगाला आपला हात दहा वेळा लागतो आणि आतलं एक वाक्यही आपण वाचलेलं नसतं.

वाचक मात्र टेबलावर कोपर टेकवून एकच विचारतात, “नवीन काय चांगलं आलंय?”

या प्रश्नासाठीच मी तो फळा सुरू केला. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला भिंतीवर शाळेत असतो तसला काळा फळा होता. पूर्वी त्यावर सुट्टीच्या सूचना लिहीत. मी दर महिन्याच्या पहिल्या दिवशी त्यावर सहा नवी पुस्तकं लिहायला लागले. नाव, लेखक आणि दोन ओळी. सहाही वेगवेगळ्या प्रकारची, म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंत कुणी रिकाम्या हातानं परत जाऊ नये. हळूहळू लोक फळा बघायला येऊ लागले. काही जण तर फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकायचे. मला त्याचा अभिमान होता. आता लाज वाटते, पण तेव्हा फार अभिमान होता.

वाचकांचे नमुने पुष्कळ. वामनभाऊ म्हणून एक निवृत्त एसटी वाहक होते. ते फक्त कोऱ्या चिठ्ठीचं पुस्तक न्यायचे, म्हणजे त्यांच्याआधी ते कुणीही नेलेलं नसलं पाहिजे. एक जरी तारीख पडलेली दिसली तरी पुस्तक परत ठेवायचे. मी एकदा कारण विचारलं. “ताई, उभा जन्म गर्दीत काढला. आता पुस्तकात तरी मला एकट्याला बसू द्या.” त्यांच्यासाठी मी नव्या गठ्ठ्यातलं एखादं पुस्तक टेबलाच्या खणात लपवून ठेवायचे. अमळनेरचे एक तरुण लेखक होते. त्यांचा पहिला कथासंग्रह आम्ही घेतला होता. ते दर शनिवारी यायचे, स्वतःचंच पुस्तक काढून चिठ्ठी बघायचे आणि खालच्या फळीवरून डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवून जायचे. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करायचे.

आणि मंगळवारचे नाना.

नाना नरडाण्याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर मुलगा आणि सून सुरेखा यांच्याबरोबर राहत. मुलगा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. नाना दर मंगळवारी सकाळच्या एसटीनं धुळ्याला यायचे. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. आले की फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि सहाही नोंदी ओठ हलवत वाचत. शुद्धलेखनाची चूक दिसली की खडूनं स्वतःच दुरुस्त करत. मग माझ्याकडे येऊन म्हणायचे, “ताई, तुम्ही लिहिता ते मी डोळे मिटून नेतो. तुम्ही उगाच लिहीत नाही.”

आमची पुस्तकखरेदी वर्षातून दोनदा व्हायची. मी जळगावला वितरकाच्या गोदामात जाऊन निवड करायचे. त्या फेब्रुवारीतल्या गठ्ठ्यातून मी फळ्यासाठी सहा पुस्तकं घरी नेली. एका कन्नड कादंबरीचा अनुवाद, दोन बहिणींच्या भांडणाची गोष्ट. एका महिला कुस्तीगिराचं चरित्र. मातीतल्या न दिसणाऱ्या जिवांवरचं एक सुरेख पुस्तक. मुलांसाठी चित्रांतून गणित. एका ट्रकचालकानं स्वतः लिहिलेलं प्रवासवर्णन. आणि सहावं, औषधांशिवाय मधुमेह घालवण्याबद्दलचं.

ट्रकचालकाच्या पुस्तकानं माझा घात केला. मी ते हातात घेतलं आणि मला खाली ठेववेना. कांडला बंदरापासून आसामपर्यंतचे ढाबे, टायर फुटल्यावर भेटलेली माणसं, बायकोला फोनवर सांगितलेल्या थापा. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिली तारीख उजाडली तेव्हा सहावं पुस्तक तसंच पडलेलं होतं. मी त्याची प्रस्तावना वाचली. मागच्या कव्हरवर बरे झालेल्या लोकांचे अनुभव होते, तेही वाचले. आरोग्याच्या पुस्तकाला मागणी असतेच. फळ्यावर लिहिलं: ‘मधुमेहाकडे पाहण्याची नवी दृष्टी. सोपी भाषा. अवश्य वाचावं.’

मंगळवारी नाना आले. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह होता. रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे. फळा वाचून हसले. “ताई, हे माझ्यासाठीच लिहिलंत की काय?”

मी म्हटलं, “न्या ना, नाना.” आणि तारखेचा शिक्का मारला.

पुढच्या मंगळवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नाना दोन मंगळवार चुकले असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात दुपारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आत आली आणि कुठे उभं राहावं ते न कळून दारातच थांबली.

“आठे फळावर लिखतस त्या ताई कोन शेतस?” तिनं अहिराणीत विचारलं, इथे फळ्यावर लिहिणाऱ्या ताई कोण म्हणून.

मी उठून पुढे गेले. ती सुरेखा, नानांची सून. माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेली.

“ताई, नानासनी सुई बंद करी टाकी. पंधरा दिन हुयनात. पुस्तकमा लिखेल शे म्हनतस. डॉक्टरनं ऐकतस नही, पोऱ्यानं ऐकतस नही. बठ्ठा सांगी सांगी थकनात.” तिचे डोळे भरून आले. “म्हनतस, वाचनालयवाल्या ताई उगाच लिखतस नही. आते तुम्हीच सांगा. तुमनं ऐकतीन.”

मी विचारलं, तब्येत कशी आहे? ती म्हणाली, सारखं पाणी पितात, अंग गळून गेलंय, पायाला नख लागून जखम झालीय ती दाखवत नाहीत. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. नाना रोज संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर ते पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत होते. गावातले आणखी तिघे मधुमेहवाले ऐकायला बसत होते.

मी तिथूनच नानांना फोन लावला. आवाज खोल गेलेला, पण उत्साह तोच. “ताई, प्रकृती उत्तम! सुरुवातीला थोडा थकवा येतोच, पान चौसष्टवर दिलंय तसं.” मी काही बोलायच्या आत त्यांनी माझेच आभार मानून फोन ठेवला.

पान चौसष्टवर काय आहे ते मला माहीत नव्हतं.

वाचनालयाची प्रत नानांकडे होती. सुरेखाला बसमध्ये बसवून दिलं आणि तशीच चालत बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. तिथे एक प्रत मिळाली. त्या दिवशी मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं, पहिल्या पानापासून. पान चौसष्टवर लिहिलं होतं की औषध बंद केल्यावर येणारा थकवा म्हणजे शरीर शुद्ध होत असल्याची खूण. पान नव्वदवर जखमेसाठी एक लेप सांगितला होता. आणि शेवटच्या पानावर, प्रकाशकाच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात सूचना: लेखक डॉक्टर नाहीत, वैद्यकीय सल्ल्याशिवाय कोणतंही औषध बंद करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या कार्यवाहांकडे रजा मागायला गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण घातलं.

“बाई, आपण पुस्तकं देतो, औषधं देत नाही. वाचकानं घरी जाऊन काय करायचं ती त्याची जबाबदारी.”

“पण फळ्यावर मी लिहिलं, सर.”

“म्हणूनच सांगतो. तिथे जाऊन काही कबूल करून बसू नका. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक वाचनालयाचं नाव घेतील, तुमचं नाही.”

त्यांचंही चुकीचं नव्हतं. शंभर वर्षांची संस्था त्यांना सांभाळायची होती. मी रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बसस्थानकावर आले.

धुळे ते नरडाणा तासाभराचा रस्ता. सोनगीरचा किल्ला मागे गेला तरी माझं ठरेना. पुस्तक पिशवीत होतं. ती शेवटच्या पानावरची सूचना मी पेनानं अधोरेखित केली होती. वाटत होतं, एवढी दाखवली की पुरे, दुसरं काही सांगायची गरज पडणार नाही. खरं सांगते, त्या तासभरात मी नानांच्या जिवाची काळजी जितकी केली, तितकीच माझ्या फळ्याचीही केली. माणूस किती कोता असू शकतो हे मला त्या बसमध्ये कळलं.

नाना ओसरीवर खाटेवर बसले होते. तीन आठवड्यांत निम्मे झालेले. गालांची हाडं वर आलेली, ओठ कोरडे. जवळ पाण्याचा तांब्या आणि उशाशी ते पुस्तक, खाकी कव्हरातलं. मला बघून उठायला लागले तर तोल गेला. सुरेखानं सावरलं. ओट्यावरचा एक श्रोता, शेजारचे गोविंदा आबा, तिथेच बसलेले होते.

“ताई! तुम्ही इतक्या लांब?”

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटचं पान समोर धरलं. नानांनी चष्मा लावून वाचलं आणि हसले.

“हे मी पहिल्याच दिवशी वाचलं. हा कायद्याचा भाग असतो, ताई. प्रकाशकाला छापावंच लागतं. बाकी दीडशे पानं काय खोटी?”

“नाना, डॉक्टर सांगताहेत ना?”

“डॉक्टरला दोन मिनिटं वेळ नसतो. तुम्ही पुस्तक वाचून, विचार करून लिहिता. तुम्ही ‘अवश्य वाचावं’ असं याआधी किती वेळा लिहिलंत? मी मोजून सांगतो, चार वेळा. चारही पुस्तकं सोन्यासारखी निघाली.”

सुरेखा दाराला धरून उभी होती. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. कार्यवाहांचे शब्द आठवले. मग मी म्हणाले, “नाना, मी हे पुस्तक वाचलंच नव्हतं.”

त्यांना आधी कळलंच नाही. “काय?”

“फळ्यावर लिहिलं तेव्हा वाचलं नव्हतं. काल वाचलं. आधी वाचलं असतं तर फळ्यावर लिहिलंच नसतं. वाचनालयातही ठेवलं नसतं.”

नानांनी चष्मा काढला. मग मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारलं, “किती पानं वाचली होतीत?”

“प्रस्तावना. आणि मागचं कव्हर.”

“आणि लिहिलंत, अवश्य वाचावं.”

“हो.”

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उशाशी असलेलं पुस्तक उचललं, कव्हरवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि माझ्या हातात दिलं. वाचनालयात परत करतात तसं, दोन्ही हातांनी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुरेखा, सुई लई ये.” सुरेखा सुई आणायला आत धावली.

गोविंदा आबा खाली बघत पुटपुटले, “मी बी गोया बंद करनार व्हतू.” या सोमवारपासून औषधाच्या गोळ्या सोडायचं त्यांनी ठरवलं होतं.

पण सुईनं भागण्यासारखं राहिलेलं नव्हतं. मी पाय दाखवा म्हणून हट्ट धरला. नानांनी पांघरूण काढलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती आणि त्यावर कसलासा हिरवा लेप सुकलेला होता. पान नव्वदवरचा लेप. आम्ही गाडी बोलावून त्यांना धुळ्याला दवाखान्यात नेलं.

मुलगा कामावरून थेट दवाखान्यात आला. सुरेखानं त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “तुम्ही आता इथं कशाला थांबल्यात? आणखी काही वाचायला द्यायचं राहिलंय का?”

तरी गेले नाही. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. नंतरचे नऊ दिवस मी रोज दुपारच्या सुट्टीत जाऊन बसायचे. पहिले चार दिवस डॉक्टर पाऊल वाचेल असं सांगायला तयार नव्हते. पाचव्या दिवशी दोन बोटं काढली. सातव्या दिवशी जखम सुकतेय म्हणाले. मुलानं त्या दिवशी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. नाना जागे असले तर मला बघून डोळे मिटून घ्यायचे.

ते पुस्तक काढून टाकावं असं पत्र मी वाचनालयाच्या समितीला दिलं. समितीनं ठरवलं, वाचकांची मागणी आहे, काढता येणार नाही. मागणी खरंच होती, माझ्याच फळ्यामुळे. मग मी शेवटच्या पानावरची सूचना मोठ्या अक्षरात कागदावर लिहिली आणि पहिल्याच पानावर डिंकानं चिकटवली. माझा फळा बघून ज्यांनी ते पुस्तक बाजारातून घेतल्याचं कळलं त्यांना एकेकाला फोन केले. एक बाई म्हणाल्या, मी तर उघडलंसुद्धा नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फळा मी पुसला आणि तसाच ठेवला. एप्रिल गेला, मे गेला. लोक विचारत, “ताई, फळा कोरा का?” मी म्हणायचे, खडू संपलेत.

जूनमधल्या एका मंगळवारी दारात काठीचा आवाज आला. नाना. पायात जाड तळाची खास चप्पल, बरोबर सुरेखा. सवयीनं ते फळ्यासमोर उभे राहिले. कोऱ्या फळ्याकडे बघत म्हणाले, “हे काय?”

“भीती वाटते, नाना.”

“वाटायलाच पाहिजे,” ते म्हणाले. “पण म्हणून फळा बंद? वाचून लिहा. वाचलं नसेल तर तसं लिहा. परीक्षेत पोरं प्रश्न सोडून देतात, पेपर कोरा देत नाहीत.”

त्या दिवशी मी त्यांना ट्रकचालकाचं पुस्तक देऊ केलं. त्यांनी हात पुढे केला नाही. “वाचलंय?”

“दोनदा.”

“फळ्यावर लिहिलं होतंत, आसाममध्ये अडकतो म्हणून. कुठल्या गावात?”

मी गावाचं नाव सांगितलं, आणि पुलावर काय झालं तेही. मग त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं.

जुलैपासून फळ्यावर प्रत्येक पुस्तकासमोर एक रकाना वाढला: ‘ताईंनी किती वाचलं’. पूर्ण. अर्धं. वीस पानं. नुसतं चाळलं. कार्यवाहांना तो अजिबात आवडला नाही. संस्थेची शोभा जाते म्हणाले. वाचक मात्र त्यावरून माझी थट्टा करायचे, आणि वामनभाऊ तर ‘नुसतं चाळलं’ लिहिलेलंच पुस्तक मागायचे. मी मान्य करते, त्या रकान्यामुळे मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जितकं वाचलं तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून वाचलं नसेल.

नानांनी मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. ते यायचे, बोलायचे, पण पुस्तक हातात घेण्याआधी मधलाच एखादा प्रश्न विचारायचे. आणि पूर्वीसारखे हसायचे नाहीत. एका मंगळवारी मी त्यांना एक नवी ऐतिहासिक कादंबरी पुढे केली. जाडजूड, दोन दिवसांपूर्वी आलेली. फळ्यावर अजून लिहिलेली नव्हती.

“वाचलंय?”

“सुरुवात केलीय. चांगलं वाटतंय.”

“शेवट?”

माझी खूण दुसऱ्या प्रकरणातच होती. नानांनी कादंबरी टेबलावर ठेवली. “पुढच्या मंगळवारी येतो. तोवर वाचून ठेवा.” मी म्हटलं, “नाना, दुसरं काही न्या, इतक्या लांबून आलात.” ते थांबले नाहीत. काठी टेकत, रिकामी पिशवी खांद्याला लावून, दुखऱ्या पायानं बसस्थानकाकडे गेले. मी खिडकीतून बघत राहिले.

तो आठवडा मी ती कादंबरी घेऊन बसले. जेवताना, बसची वाट बघताना, दुपारी टेबलाशी. सहाशे पानं. तिसऱ्या प्रकरणानंतर राजे नुसतेच बोलत होते, घोडे नुसतेच धावत होते आणि प्रत्येक सूर्यास्त रक्तासारखा लाल होता. तरी एक ओळ सोडली नाही. नाना कुठलंही पान विचारतील.

मंगळवारी ते आले. टेबलासमोर उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी कादंबरी पुढे ठेवली.

“झालं वाचून?”

“झालं. शेवटपर्यंत.”

“मग?”

“नका वाचू, नाना. आठवडा वाया जाईल.”

नाना हसले. मोठ्यानं, इतकं की वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वळवल्या. बाक ओढून ते टेबलाशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, “बरं. आता नेण्यासारखं काय आहे ते सांगा.”